पायापूर्वी भूमीची पारख
कर्जत व खालापूर तालुक्यांत काळा पाषाण जागोजाग उघडा दिसतो. म्हणून जमीन सर्वत्र भक्कम, असा समज होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा उतारावरचा माती-दगडांचा थर कसा सुटतो, हे दिसले.

पाषाणावर माती-मुरुमाचा थर किती जाड व ओला आहे, हे विद्युत्-रोधमापनाने खणल्यावाचून अजमावता येते. एका रेषेत रोवलेल्या चार सळयांपैकी बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडून आतल्या दोहोंमधील विद्युत्-दाब मोजतात. सळयांतील अंतर वाढवावे तसा अधिक खोलीचा ठाव लागतो. ओल्या मुरुमाचा रोध कमी, अखंड पाषाणाचा पुष्कळ अधिक. कोरडा मुरूम मात्र फसवितो. यास्तव एक-दोन ठिकाणी बोअर घेऊन पडताळा पाहावाच लागतो. शाळेची वा नव्या वसाहतीची जागा मुक्रर होण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने ही पाहणी मागणे इष्ट.