मूत्रपिंडाचा कर्करोग : दुर्बिणीतून की पोट उघडून?

लघवी लाल झाली, पण दुखले-खुपले काहीच नाही. उसाच्या फडात उन्हातान्हात राबणारा माणूस म्हणतो, ‘उन्हाळी लागली असेल.’ धन्या-जिऱ्याचे पाणी पितो, दोन दिवसांत लघवी साफ होते आणि गोष्ट विसरली जाते. खरा धोका इथेच आहे. न दुखता लघवीतून रक्त जाणे हे मूत्रपिंडाच्या किंवा मूत्राशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. ते एकदाच दिसले तरी लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी.

गाठ सापडली की कराडला किंवा मिरजेला दवाखान्यात नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?’ प्रश्न योग्य आहे, पण तो पहिला नव्हे.

दोन पद्धती

मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया जर्मनीत १८६९ साली गुस्ताव सायमन यांनी केली. पुढे सव्वाशे वर्षे यासाठी मोठी चीर घेण्यावाचून इलाज नव्हता. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. राल्फ क्लेमन यांनी याच मार्गाने मूत्रपिंड काढून दाखवले.

उघड्या शस्त्रक्रियेत पोटावर किंवा बरगडीखाली साधारण वीतभर चीर घ्यावी लागते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरून तीन-चार लहान छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे आत घालतात. मूत्रपिंड सुटे केल्यावर ते पिशवीत घालून बाहेर काढतात. त्यासाठी शेवटी काही सेंटिमीटरची एक चीर लागतेच. भूल मात्र दोन्हींत पूर्णच द्यावी लागते.

फरक कशात?

दुर्बिणीमुळे दुखणे कमी होते, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण साधारणपणे दोन ते चार दिवसांत घरी जातो. उघड्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर राहावे लागू शकते आणि जड कामाला दीड-दोन महिने लागतात. हातावर पोट असलेल्या घराला हा फरक मोठा आहे.

पण कर्करोग बरा होण्याच्या दृष्टीने पाहिले तर, गाठ मूत्रपिंडापुरती मर्यादित असताना दोन्ही पद्धतींचे निकाल सारखेच आहेत. गाठ पूर्ण निघणे महत्त्वाचे, छिद्र किती लहान हे नव्हे. गाठ फार मोठी असेल, मोठ्या शिरेत शिरली असेल किंवा शेजारच्या अवयवांना चिकटली असेल, तर बहुधा पोट उघडणेच सुरक्षित ठरते. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे मध्येच उघडी करावी लागली, तर ते डॉक्टरांचे अपयश समजू नये. तो रुग्णाच्या हिताचा निर्णय असतो.

आधी विचारा : मूत्रपिंड वाचेल का?

पहिला प्रश्न हा असावा. गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असेल, तर शक्य असेल तेथे फक्त गाठ काढून उरलेले मूत्रपिंड राखावे, असे आज मानतात. काही वेळा त्याहून मोठ्या गाठीतही हे जमते. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो हे खरे. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याला पुढे उरलेल्या मूत्रपिंडाचाच आधार असतो. म्हणून लहान गाठीसाठी दुर्बिणीने संपूर्ण मूत्रपिंड काढण्यापेक्षा पोट उघडून ते वाचवणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वी सी. टी. स्कॅन करून गाठ कुठवर आहे ते पाहावे आणि दुसरे मूत्रपिंड नीट काम करते ना, याची खात्री करावी. आपल्या डॉक्टरांना या शस्त्रक्रियेचा कितपत अनुभव आहे, हे विचारण्यात संकोच नको.

खर्चाचा प्रश्न उरतोच. शेत गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते विचारावे. दुर्बिणीच्या हट्टापायी पैसे जमेपर्यंत महिनोन्महिने थांबणे मात्र घातक ठरू शकते.

शस्त्रक्रियेनंतर टाके निघाले म्हणजे काम संपले असे नाही. पुढील काही वर्षे ठरल्या वेळी तपासणी करावी, विडी-सिगारेट सोडावी व रक्तदाब ताब्यात ठेवावा. आणि घरात कोणाची लघवी लाल झाली, तर ‘उन्हाळी असेल’ म्हणून सोडून देऊ नये.