शिक्षक आणि अभ्यासक्रमाची रचना



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत शिकलो आणि पुढे येथेच इतिहासाचा शिक्षक झालो. आजच्या विषयाचा आरंभ मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

१९०६ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याआधी १८९३ मध्ये अमरेली भागात त्याचा प्रयोग झाला होता, ही वाक्ये मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, मुलांना शाळेत धाडले नाही, तर आईबापांना दंड होत असे का? आणि तो त्यांनी कशातून भरायचा?" घटक संपवायचा होता, चाचणी आठवड्यावर आली होती. मी म्हणालो, "हे पोर्शनमध्ये नाही. खाली बस." ती बसली. त्या वर्षात तिने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही.

येथून निवृत्त झाल्यावर मी इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आय.बी.चा, डिप्लोमा अभ्यासक्रम चालविणाऱ्या एका विद्यालयात इतिहास शिकवू लागलो. अशा विद्यालयांतील शिक्षकांना अभ्यासक्रमरचनेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते प्रशिक्षण काय असते आणि आपल्यासारख्या शाळेला त्यातून काय घेता येईल, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जिनीव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. तेथील मुले पुढे निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांत जात आणि प्रत्येक देशाची प्रवेशपरीक्षा वेगळी असे. त्यामुळे एकत्र वाढलेली मुले वरच्या वर्गांत देशवार विभागली जात. या अडचणीतून सर्वांना चालेल अशा एका समाईक परीक्षेची कल्पना पुढे आली. १९६२ साली जिनीव्हात आंतरराष्ट्रीय शाळांतील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि त्या विचाराला आकार येऊ लागला. १९६८ मध्ये संस्थेची रीतसर स्थापना झाली आणि ऑक्सफर्डचे शिक्षणतज्ज्ञ अलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक झाले. या योजनेच्या मुळाशी वर्गात शिकविणारे शिक्षक होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. विद्यार्थी सहा विषय घेतो. सामान्यतः त्यांपैकी तीन उच्च स्तरावर आणि तीन प्रमाण स्तरावर असतात. उच्च स्तरासाठी २४० तास आणि प्रमाण स्तरासाठी १५० तास अध्यापन अपेक्षित आहे. प्रत्येक विषयाला ७ गुण असतात. याखेरीज ज्ञानमीमांसा, चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र प्रबंध आणि सृजन, क्रीडा व सेवा यांचे उपक्रम सर्वांना करावे लागतात. प्रबंध आणि ज्ञानमीमांसा मिळून ३ गुण धरले जातात, म्हणजे कमाल गुण ४५ होतात.

आपल्या मंडळाच्या परीक्षेहून येथे एक मोठा फरक आहे. आपल्याला पाठ्यपुस्तक नेमून मिळते. आय.बी. प्रत्येक विषयाची मार्गदर्शिका देते. तीत उद्दिष्टे, आशय आणि मूल्यमापनाचे निकष सांगितलेले असतात, परंतु कोणताही एक ग्रंथ नेमलेला नसतो. कोणता घटक आधी घ्यावा, कोणते उदाहरण निवडावे, दोन वर्षांचे तास कसे वाटावेत, हे शिक्षकाने ठरवावयाचे असते. उभ्या आयुष्यात ज्याने पाठटाचणे काढली पण अभ्यासक्रम कधी रचला नाही, त्याला हे स्वातंत्र्य आरंभी भीतिदायक वाटते. मलाही वाटले.

प्रशिक्षणाची कार्यशाळा तीन दिवसांची होती. मार्गदर्शिका बाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या होत्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एका घटकाचे नियोजन करावयाचे होते. मी सवयीचा विषय घेतला, सक्तीचे शिक्षण. एवढ्या वर्षांच्या अनुभवाच्या बळावर मी अर्ध्या तासात दोन पाने लिहून दिली. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "सर, यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे, तेवढे पाहाल का?" मी पाहिले. मी सांगेन, मी स्पष्ट करीन, मी नकाशा दाखवीन. दोन पानांत विद्यार्थी कर्ता म्हणून एकदाच आला होता आणि त्याचे क्रियापद होते "उतरवून घेईल". त्या वयात ते वाचणे सोपे गेले नाही. जेवणाच्या सुटीत मी एकटाच बाहेर जाऊन बसलो होतो.

पुढे जे शिकविले गेले त्याचे मूळ जुने आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमरचनेसाठी चार प्रश्न मांडले : हेतू कोणते, ते साधणारे अनुभव कोणते, त्या अनुभवांची मांडणी कशी करावी, आणि हेतू साधला की नाही हे कसे ओळखावे. १९९८ मध्ये ग्रँट विगिन्स आणि जे मॅक्टाय यांनी 'शेवटाकडून आरंभाकडे' जाण्याची पद्धत मांडली. विद्यार्थ्याला अखेरीस काय उमगले पाहिजे हे प्रथम ठरवावे. ते उमगल्याचा पुरावा कोणता मानावा, हे त्यानंतर ठरवावे. तास कसे घ्यावेत याचा विचार सर्वांत शेवटी करावा. आपण बहुधा उलट करतो. आधी धडा शिकवतो आणि मग त्यावर प्रश्न काढतो.

दुसऱ्या दिवशी मी तोच घटक नव्याने रचला. आरंभी एक प्रश्न लिहिला : राज्यकर्ता लोकहितासाठी सक्ती करतो, तेव्हा तिचा भार कोणावर पडतो? पुराव्यासाठी दोन साधने योजिली. एक, बडोदे संस्थानाचा राज्यकारभाराचा वार्षिक अहवाल. दुसरे, नामदार गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना केलेले भाषण. ते विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. प्रत्येक साधन कोणी, कधी आणि कशासाठी लिहिले, त्याचा उपयोग किती आणि मर्यादा कोणती, हे विद्यार्थ्याने शोधावयाचे. कागद पुरा झाल्यावर माझ्या ध्यानी आले की, वरचा प्रश्न माझा नव्हता. तो त्या नववीतील मुलीचा होता.

तिसरा दिवस गुणदानाचा. एकाच विद्यार्थ्याचा निबंध आम्ही सर्वांनी स्वतंत्रपणे तपासला. पंधरापैकी मी बारा गुण दिले, शेजारच्या बाईंनी सहा. आम्ही निकष समोर ठेवून ओळीओळीने वाचले, तेव्हा कळले की मी भाषेच्या सफाईला आणि सनावळीला गुण दिले होते; प्रश्न कारणांच्या विश्लेषणाचा होता. 'वर्णन करा' आणि 'मूल्यमापन करा' या दोन आज्ञा वेगवेगळ्या कृती मागतात, हे मी मुलांना कधी सांगितलेच नव्हते. आय.बी.मध्ये काही काम शिक्षक स्वतः तपासतो आणि त्याचे नमुने बाहेरच्या परीक्षकाकडे पडताळणीसाठी जातात. आपले माप इतरांच्या मापाशी जुळवून पाहण्याची सवय त्यातून लागते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अशा विद्यालयांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. माझ्या तेथील वर्गात वीस विद्यार्थी होते, येथे साठ असत. मंडळाची परीक्षा आपल्याला टाळता येणार नाही. तथापि दोन गोष्टींना खर्च लागत नाही. सत्राच्या आरंभी एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून एका घटकाचा पुरावा आधी ठरवावा. आणि सत्रातून एकदा एकच उत्तरपत्रिका सर्वांनी तपासून गुण ताडून पाहावेत. प्रथम थोडे अवघड वाटेल, कारण सहकाऱ्यांसमोर आपले गुणदान उघडे पडते. पण शिक्षकाचा अधिकार त्यामुळे उणा होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमचे सर वर्गात प्रश्न आला की खडू खाली ठेवीत. ते त्यांनी कोणत्या कार्यशाळेत शिकलेले नव्हते. मी त्यांचा विद्यार्थी असूनही ते उचलले नाही आणि साठीनंतर परक्यांकडून शिकलो.

ती मुलगी आज या सभागृहात माजी विद्यार्थ्यांत बसली असेल, तर तिला माझे उत्तर असे : होय, दंडाची तरतूद होती. तो कोणी भरला आणि कशातून, हे आपण त्या दिवशी सर्वांनी मिळून शोधावयास हवे होते.