सिएनाची सनद

परकी भाषा अवगत असणे ही एक गोष्ट आणि ती अवगत असल्याचा दाखला दप्तरात दाखल करणे ही दुसरी. इटालियन माध्यमातून पदवी घेऊ इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडे इटलीतील विद्यापीठे सामान्यतः बी-२ पातळीची अपेक्षा करतात. नागरिकत्वाच्या अर्जासही २०१८ पासून बी-१ पातळी आवश्यक ठरली आहे. असा दाखला पेरूजाच्या विद्यापीठाची ‘चेली’, दान्ते अलिघिएरी संस्थेची ‘प्लिदा’ किंवा सिएनाच्या विद्यापीठाची ‘चिल्स’ या परीक्षांतून मिळतो.

‘चिल्स’च्या बी-२ परीक्षेत श्रवण, वाचन, भाषारचना, लेखन आणि संभाषण असे पाच भाग असून प्रत्येकास २० गुण असतात, आणि प्रत्येकात किमान ११ मिळवावे लागतात, म्हणजे वाचनात पूर्ण गुण मिळवणाऱ्याला श्रवणातली उणीव त्यातून भरून काढता येत नाही. तयारीची सारी दिशा या एका नियमाने ठरते, हे माझे ठाम मत आहे. अनुत्तीर्ण भाग तेवढाच पुन्हा देण्यास दीड वर्षाची मुदत मिळते, ही सवलत मोठीच आहे. पण केवळ पुस्तकांच्या आधारे शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून इटालियन नभोवाणी ऐकत राहावे, कारण परीक्षेत ध्वनिमुद्रित संवाद दोनदाच ऐकवला जातो.

व्याकरणात मराठी विद्यार्थ्याला मात्र एक अनपेक्षित आधार सापडतो. ‘तो गेला, ती गेली’ यांत कर्त्याप्रमाणे आणि ‘मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली’ यांत कर्माप्रमाणे रूप बदलते, हे आपल्याला बाळपणापासून सहज येते. इटालियन भूतकाळातही जाण्यायेण्याच्या क्रियापदांचे कृदंत कर्त्याच्या लिंगवचनानुसार चालते आणि कर्माचे ‘त्याला, तिला’ असे सर्वनाम क्रियापदाच्या आधी आले की तेच कृदंत कर्माशी जुळते. सर्व अकर्मक क्रियापदे या वाटेने जात नाहीत, ‘झोपणे’ हे त्यांतलेच. ही वाट साहाय्यक क्रियापदावर ठरते, तेव्हा ते प्रत्येक धातूबरोबरच पाठ करणे इष्ट.

लेखनात औपचारिक पत्राचा मसुदा करताना आदरार्थी संबोधनाला तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापद लागते आणि तेच अखेरपर्यंत टिकवावे लागते. मध्येच ‘तू’कडे घसरलेले पत्र इतर बाबतींत निर्दोष असले तरी गुण गमावते. ठरावीक शब्दसंख्येत, घड्याळ लावून, हाताने लिहिण्याचा सराव म्हणूनच अपरिहार्य आहे. संभाषणासाठी जिभेची जुनी सवय मोडावी लागते: इंग्रजीच्या संस्कारामुळे आपण ‘ट’, ‘ड’ उच्चारू पाहतो, तिथे इटालियनला आपले दंत्य ‘त’, ‘द’ हवे असतात, आणि द्वित्त व्यंजनावर ‘पत्ता’ म्हणताना थांबतो तितकेच थांबावे लागते. परीक्षार्थीचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन उत्तरपत्रिकांसह सिएनाला जाते, तपासणी तेथेच होते. तिथून आलेल्या प्रमाणपत्राला मुदतीचे बंधन नसते.