लहान ट्रॅक्टर, लोडर आणि बॅकहो : निवडीमागील यंत्रशास्त्र

महाराष्ट्रात माती खणणाऱ्या पिवळ्या यंत्रास सरसकट ‘जेसीबी’ असे म्हटले जाते. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची ही आद्याक्षरे होत. १९५३ साली त्याने ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर पुढे लोडर व मागे खणणारी भुजा, म्हणजे बॅकहो, बसविलेले आपले पहिले यंत्र बाहेर काढले. तत्पूर्वी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेन-रॉय या लहानशा कंपनीने फोर्ड ८-एन ट्रॅक्टरच्या पाठीवर बसणारा हायड्रॉलिक बॅकहो विकण्यास प्रारंभ केला होता. पुढे १९५७ मध्ये केस कंपनीने लोडर व बॅकहो कारखान्यातच जोडून तयार झालेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि बांधकामाच्या जड यंत्राची शाखा शेतीच्या ट्रॅक्टरपासून कायमची वेगळी झाली.

प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र या वंशाची दुसरी, धाकटी शाखा हा आहे. जपानमधील भाताच्या लहान खाचरांसाठी घडविलेले छोटे ट्रॅक्टर अमेरिकेत गेले. कुबोटा कंपनीने तेथे १९७२ साली स्वतःची विक्रीसंस्था स्थापन केली. महिंद्र कंपनीने १९९४ मध्ये याच बाजारात पाऊल टाकले. या ट्रॅक्टरांचे गिऱ्हाईक शेतकरी असतेच असे नाही. गावाबाहेर पाचदहा एकर जमीन घेऊन राहणारा गृहस्थ हे त्याचे मुख्य गिऱ्हाईक होय. खडीचा रस्ता सारखा करणे, बर्फ दूर लोटणे, सरपणाचे ओंडके वाहणे, झाडांची खोडे उपटणे, पाण्याचे नळ पुरण्यासाठी चर खणणे ही त्याची कामे. एकाच यंत्राकडून ही सर्व करून घेण्याची त्याची इच्छा असते, आणि निवडीची अडचण येथूनच सुरू होते.

गिऱ्हाईक प्रथम अश्वशक्ती विचारते. जाहिरातीतही तोच आकडा ठळक असतो. तथापि लोडर व बॅकहो ही दोन्ही साधने इंजिनाच्या नव्हे, तर हायड्रॉलिक पंपाच्या बळावर चालतात. पंपाची शक्ती काढण्याचे सूत्र सोपे आहे : मिनिटास लिटरमध्ये मोजलेला प्रवाह गुणिले बारमध्ये मोजलेला दाब, भागिले ६००, उत्तर किलोवॉटमध्ये येते. मिनिटास २४ लिटर तेल १२५ बार दाबाने देणारा पंप याप्रमाणे ५ किलोवॉट शक्ती देतो. या आकाराच्या ट्रॅक्टराचे इंजिन सुमारे १६ किलोवॉटचे, म्हणजे २१ अश्वशक्तीच्या आसपासचे असते. तेव्हा इंजिनाच्या शक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग लोडरपर्यंत पोहोचतो. त्यातही उचलण्याचे बळ दाबावर व सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असते, तर प्रवाहाने केवळ हालचालीचा वेग ठरतो. एकाच सांगाड्यावर बांधलेल्या दोन ट्रॅक्टरांपैकी एकाचे इंजिन पाच अश्वशक्तीने मोठे असले, तरी लोडर तोच असल्यास उचल तीच राहते. ही साधी गोष्ट विक्रेते आपणहून क्वचितच सांगतात.

मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग पी.टी.ओ. दांड्यावर चालणाऱ्या अवजारांसाठी होतो. बर्फ फेकणारे यंत्र किंवा गवत कापण्याचे रुंद यंत्र घ्यावयाचे असल्यास ती अश्वशक्ती कामी येते, एरवी नाही. अमेरिकेत २५ अश्वशक्तीच्या किंचित खाली असलेल्या ट्रॅक्टरांची एवढी गर्दी का, याचे कारणही यंत्रशास्त्रात नसून कायद्यात आहे. तेथील धूरनियंत्रणाच्या नियमांनुसार १९ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या डिझेल इंजिनास काजळीची मर्यादा दर किलोवॉट-तासास ०.४० ग्रॅम आहे. त्यावरील वर्गास, म्हणजे ५६ किलोवॉटपर्यंतच्या इंजिनांस, २०१३ पासून ती ०.०३ ग्रॅम झाली. ही मर्यादा गाठण्यासाठी वरच्या वर्गातील बहुतेक इंजिनांना काजळी अडविणारा फिल्टर बसवावा लागतो, तो ठराविक काळाने तापवून जाळून स्वच्छ करावा लागतो, आणि वीसवीस मिनिटे चालवून बंद केल्या जाणाऱ्या घरगुती ट्रॅक्टरास हे विशेष जाचक ठरते. केवळ नावाला मोठे इंजिन घेणाऱ्याने ही किंमतही हिशेबात धरावी.

आता वजनाचा प्रश्न. निवडीचा निर्णय वस्तुतः येथेच होतो, आणि अपघाताची मुळेही येथेच असतात. उदाहरणादाखल लोडरसह ९०० किलोग्रॅम वजनाचा एक ट्रॅक्टर कल्पावा. पुढील व मागील आसांमधील अंतर १.५ मीटर, पुढील आसावर ३६० किलोग्रॅम व मागील आसावर ५४० किलोग्रॅम भार आहे. लोडरच्या बादलीत ३०० किलोग्रॅम ओली खडी भरली व तिचा गुरुत्वमध्य पुढील आसाच्या १.२ मीटर पुढे आला, असे समजू या. पुढील आस हा टेकू मानल्यास मागील आसावरून ३०० × १.२ ÷ १.५, म्हणजे २४० किलोग्रॅम भार उचलला जातो. मागे उरतात ३०० किलोग्रॅम. पुढील आसावर मात्र ९०० किलोग्रॅम येतात. ट्रॅक्टराचे संपूर्ण मूळ वजन जणू त्याच्या नाजूक पुढच्या आसावर येऊन बसते. ब्रेक बहुधा मागील चाकांनाच असतात, त्यामुळे उतारावर हा ट्रॅक्टर थांबविण्याची ताकदही त्याच प्रमाणात घटते.

याच ट्रॅक्टरास मागे ३५० किलोग्रॅमचा बॅकहो लावला व त्याचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या ०.९ मीटर मागे असला, तर चित्र पालटते. मागील आसावर ५६० किलोग्रॅमची भर पडते आणि पुढील आसावरून २१० किलोग्रॅम उतरतात. भरलेल्या बादलीसह पुढे ६९० व मागे ८६० किलोग्रॅम असा समतोल साधतो. बॅकहो हे लोडरचे उत्तम प्रतिवजन आहे असे म्हणतात ते याच कारणाने. परंतु बादली रिकामी करताच पुढील आसावर अवघे १५० किलोग्रॅम उरतात, एकूण वजनाच्या जेमतेम बारा टक्के. अशा स्थितीत चढ चढताना पुढची चाके जमिनीवर टेकल्यासारखी दिसतात, पण वळण घेत नाहीत. जाणते चालक अशा वेळी बादलीत थोडी माती ठेवूनच चढ चढतात.

चाकांत द्रव भरून वजन वाढविण्याची पद्धतही प्रचलित आहे. थंड प्रदेशात पाणी गोठते, म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण किंवा बीट-साखरेच्या कारखान्यातील उपपदार्थापासून केलेला द्रव वापरतात. ही पद्धत चांगली असली तरी तिची मर्यादा ओळखली पाहिजे. चाकातील १५० किलोग्रॅम मागील आसावर १५० किलोग्रॅमच देतात, पुढील आसाचा भार तसूभरही कमी करीत नाहीत. तेच वजन आसाच्या मागे टांगले तर तरफेच्या न्यायाने अधिक काम करते.

पुढेमागे उलटण्यापेक्षा बाजूस कलंडण्याचा धोका अधिक फसवा असतो. पुढील आस सांगाड्यास मध्यभागी एकाच खिळीवर जोडलेला असून तो डावीउजवीकडे झुलतो. त्यामुळे ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसला, तरी झुलण्याची मर्यादा संपेपर्यंत तो वास्तविक तीन बिंदूंवर उभा असतो : दोन मागील चाके व पुढील खिळी. गुरुत्वमध्याची लंबरेषा या त्रिकोणाबाहेर गेली की ट्रॅक्टर कलंडू लागतो. भरलेली बादली उंच उचलल्याने गुरुत्वमध्य वर आणि पुढे जातो. पुढे म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. म्हणूनच सपाट वाटणाऱ्या जागेत एका चाकाखाली आलेला दगडही पुरेसा होतो. संरक्षक कमान व आसनपट्टा यांची आवश्यकता त्यातूनच उद्भवते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या व नोकरांकडून चालविल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांस ती लागू झाली. स्वतःच्या जमिनीवर स्वतः राबणारा मालक त्या नियमाच्या कक्षेत येत नाही. झाडांच्या फांद्यांखालून जाण्यासाठी तो कमान दुमडतो आणि पुन्हा उभी करण्यास विसरतो. कमान दुमडलेली असता पट्टा बांधू नये आणि कमान उभी असता तो बांधल्यावाचून राहू नये, हा नियम लहान वाटला तरी त्यावर प्राण अवलंबून असतात.

लोडरच्या उचलशक्तीचे आकडे वाचताना एक खुबी ध्यानात ठेवावी. काही आकडे बादली जेथे जोडली जाते त्या खिळीपाशी मोजलेले असतात, काही तिच्यापुढे ५०० मिलिमीटरवर. दुसरा आकडा नेहमीच लहान असतो व प्रत्यक्ष कामाशी त्याचाच संबंध अधिक. शिवाय खिळीपाशी मोजलेल्या आकड्यातून बादलीचे किंवा काट्यांचे वजन वजा करावे लागते. दोन कंपन्यांचे आकडे भिन्न ठिकाणी मोजलेले असताना त्यांची तुलना करणे म्हणजे शेर आणि पायली यांची तुलना करणे होय.

बॅकहोच्या बाबतीत खोलीपेक्षाही जोडणीचा विचार आधी झाला पाहिजे. हॅरी फर्ग्युसनच्या त्रिबिंदू जोडणीवर अडकविता येणारे स्वस्त बॅकहो मिळतात. परंतु बहुतेक ट्रॅक्टरांत ही जोडणी केवळ वर उचलण्याचे बळ लावते. खाली ती आपल्या वजनाने येते. बादली कठीण जमिनीत दाबली की जमिनीऐवजी बॅकहोच वर उचलला जाऊ शकतो आणि त्यावर बसलेला चालक आसन व संरक्षक कमान यांच्यामध्ये चिरडला जाण्याचा संभव असतो. खणण्याचे पिळवटणारे जोर थेट गिअरपेटीच्या ओतीव लोखंडावर येतात, तेही निराळेच. याउलट ट्रॅक्टराच्या पोटाखालून लोडरच्या चौकटीपर्यंत जाणारा पोलादी उपसांगाडा हे जोर विभागून घेतो. उपसांगाड्याविना येणारा बॅकहो कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये, असेच म्हणावे लागते.

खोलीची गरज प्रदेशानुसार ठरते. मिनेसोटा राज्यात जमीन इतकी खोल गोठते की दक्षिण भागात घराचा पाया किमान ४२ इंच व उत्तर भागात ६० इंच खाली न्यावा लागतो. सर्वांत लहान वर्गातील बॅकहो सहा फुटांच्या आसपास खणतात. कागदावर हे अंतर पुरेसे दिसते. पण ही कमाल खोली एका बिंदूपुरती असते व तळ सपाट ठेवावयाचा झाल्यास ती कमी होते. उत्तर मिनेसोटात पाण्याचा नळ गोठणरेषेखाली नेऊ पाहणाऱ्यास म्हणून त्यापुढचा, सुमारे आठ फूट खणणारा वर्ग पाहावा लागतो, आणि त्याबरोबर ट्रॅक्टराचे वजनही वाढते.

मात्र यंत्र जेवढे खणते तेवढ्या चरात माणसाने उतरावे असा अर्थ नव्हे. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही. अमेरिकेतील कामगारसुरक्षेचे नियम पाच फूट वा त्याहून खोल चरास आधार किंवा उतरते काठ आवश्यक मानतात. अखंड खडक तेवढा अपवाद. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर दूरध्वनी करून जमिनीखालील तारा व वायुनलिका खुणावून घेण्याची सोय तेथे २००७ पासून देशभर आहे.

गिअरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लोडरच्या कामात दर मिनिटास अनेकदा पुढेमागे जावे लागते, यास्तव पायाने चालणारे हायड्रोस्टॅटिक प्रेषण सोयीचे पडते; दिवसभर नांगरणाऱ्याने मात्र साधे गिअर घ्यावेत, कारण त्यात शक्तीची गळती कमी.

राहतो तो बॅकहो विकत घ्यावा की भाड्याने आणावा हा प्रश्न. लोडर वर्षभर राबतो. बॅकहो पहिल्या दोन वर्षांत नळ, तारा व खोडे यांची कामे उरकून पुष्कळदा कोठीत उभा राहतो. जमिनीवरील खणण्याची कामे आधी कागदावर मांडावीत व त्यांस किती दिवस लागतील याचा अंदाज घ्यावा. ते एकत्रितपणे आठवडा-पंधरवड्यात उरकणारी असल्यास भाड्याचे साखळीपट्ट्यांचे लहान उत्खननयंत्र ती अधिक वेगाने करते, कारण ते सभोवार फिरते व दर चारपाच फुटांवर पाय उचलून पुढे सरकण्याची कटकट त्यास नाही. कामे तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षे निघणारी असल्यास, किंवा भाड्याचे यंत्र आणावयास पन्नास मैल जावे लागत असल्यास, स्वतःचा बॅकहो परवडतो. महाराष्ट्रात तासाच्या बोलीने जेसीबी दारात येतो, तेथे हा हिशेब सहसा भाड्याच्या बाजूनेच झुकेल.

वापरलेले यंत्र घेणाऱ्याने तासांच्या आकड्यावर विसंबू नये. बॅकहोची भुजा लांबवून, इंजिन बंद करून, टोकाशी हाताने डावीउजवीकडे हालवून पाहावी. खिळ्या व त्यांची भोके झिजली असल्यास टोकाशी इंचाइंचाची खेळ जाणवते. लोडर जमिनीपासून थोडा उचलून ठेवावा व पाव तासाने पुन्हा पाहावा. तो खाली उतरला असेल तर सिलिंडरची सीले किंवा झडप गळत आहे. आणि लोडरची चौकट ट्रॅक्टरास जेथे बोल्टांनी जखडलेली असते, तेथील ताजा रंग खरवडून त्याखाली वेल्डिंगची जुनी शिवण आहे काय, हे पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.