बहीण-भावांतील वाटणीची बोलणी

बारामती-भिगवण रस्त्यालगत आज जेथे औद्योगिक वसाहत पसरली आहे, त्या कटफळ, गोजुबावी परिसरातील शिवार मुख्यत्वे जिरायत होते. नीरा डाव्या कालव्याखालील बागायतीला पूर्वीपासूनच मोल होते; कारखाने आल्यावर माळरानालाही ते आले. बारामती-इंदापूरच्या अनेक घरांत पूर्वी न उच्चारला जाणारा एक प्रश्न त्याबरोबर पुढे आला. तो म्हणजे बहिणीच्या वाट्याचा.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. परंतु त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. हा हक्क जन्मतःच प्राप्त होतो व त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या नोंदणीकृत वाटण्या अबाधित राहतात.

अडचण कायद्याची नाही, बोलण्याची आहे. वडिलांच्या तेराव्याला सर्व नातलग जमतात आणि त्याच गर्दीत हक्कसोडपत्राचा विषय निघतो. दुःख ताजे असते. माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल या धास्तीने बहीण सही करते. भावाचीही बाजू असते. सोसायटीचे कर्ज, विहिरीचा खर्च, वडिलांचे आजारपण त्याने सोसलेले असते. हे सारे मनात राहते आणि बोलले जाते ते फक्त, "तुझे लग्न करून दिले ना?" लग्नाच्या खर्चाने वाटा फिटत नाही, हे दोघांनाही माहीत असलेले बरे.

म्हणून कागद प्रथम समोर ठेवावेत. सातबारा, आठ-अ आणि कर्जाचा उतारा पाहून प्रत्येकाचा हिस्सा मोठ्याने वाचावा. आईचा हिस्साही त्यात धरावा. तो विसरण्याची रीत फार जुनी आहे. पहिली बैठक केवळ भावंडांची असावी. जावई आणि भावजया नंतर आल्यास बिघडत नाही. भावाने "सही कर" म्हणण्याआधी "तुझ्या मनात काय आहे?" असे विचारावे व उत्तरासाठी काही दिवस द्यावेत. बहिणीला जमीनच हवी असते असे नाही. कित्येकींना सातबाऱ्यावर नाव राहिले तरी पुरते. जमीन भावाने कसावी. कोणी घराजोगा तुकडा मागते, कोणी काहीच मागत नाही.

वारस नोंद म्हणजे हक्कसोड नव्हे, हा फरक घरातील सर्वांना समजावून सांगणे अगत्याचे आहे. वारस म्हणून सर्व मुलामुलींची नावे महसुली दप्तरी लागतात. हक्क सुटतो तो नोंदणीकृत दस्तानेच, आणि असा दस्त रद्द करून घ्यावयाचा तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते. पुढे जमीन संपादनात गेली, तर हक्क सोडलेल्या बहिणीस मोबदल्यावर दावा सांगणे कठीण होते. उलट, तिला न विचारता कारभार झाला असेल, तर तिच्या हरकतीने भावाची रक्कम अडकून पडू शकते.

बोलणी फिसकटलीच, तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि दावा दाखल करण्यापूर्वीच लोकअदालतीत तडजोडही करता येते.