पूर किती वेळा येतो? मातीला विचारा

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आधी २००५, मग २०१९, लगेच २०२१. हे नेहमीचंच की आक्रीत? जलसंपदा विभागाची लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण काही दशकांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा अंदाज बांधायचा, म्हणजे त्यात गणिताचा भरवसाच जास्त.

मातीची नोंद त्याहून जुनी असते. नदीकाठच्या खड्ड्याची उभी भिंत खुरप्याने तासून बघा. पूर ओसरताना रेती आणि बारीक पोयटा टाकून जातो. मग बरीच वर्षं पाणी आलं नाही, तर गवत वाढतं, कुजतं आणि काळपट पट्टा तयार होतो. पुढचा मोठा पूर तोही गाडतो. एरवी सेंद्रिय कर्ब खाली जाईल तसा घटत जातो. इथे तो घटतो, मध्येच वाढतो, पुन्हा घटतो. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणात अशा खुणा आणि पुराच्या नोंदी पाहून जमिनीची वर्गवारी करतात: शंभर वर्षांत पन्नासहून जास्त वेळा पूर येत असेल तर ‘वारंवार’, पाच ते पन्नास वेळा ‘अधूनमधून’, त्याखाली ‘क्वचित’.

पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि त्यांचे अमेरिकी सहकारी याच वाटेने नर्मदेच्या घळईत गेले. कड्याच्या आडोशाला पाणी संथ होतं, तिथे गाळ बसतो. तो जितका उंचावर, निदान तितका तरी पूर चढलेला. थरांची वयं काढत हिशोब सुमारे १७०० वर्षं मागे गेला.

आपल्याकडे मात्र काळी माती घोटाळा करते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती आत घसरते, पावसात सगळं फुगून थर एकमेकांत मिसळतात. करडे-तांबूस डाग दिसले म्हणून लगेच पूर म्हणायचीही घाई नको. ते पाणी तुंबून हवा कोंडल्याचे, लोहाचे डाग. उसाला पाटाचं पाणी पाजून चिबड झालेल्या रानातही ते दिसतात, नदी तिथवर कधी आली नसली तरी.

नदीकाठी प्लॉट घेताना पूररेषेचा नकाशा बघाच, पण शेजारी पाया खणला जात असेल तर तिथेही नजर टाका. रेती, पोयटा, काळपट पट्टा आणि वर पुन्हा रेती दिसली, तर विकणारा काहीही सांगो, तो प्लॉट घेऊ नका.