हपुषा : नामरूपज्ञान व आपले दायित्व

चरकसंहितेतील उदरचिकित्साध्यायात नारायण चूर्ण व हपुषाद्य चूर्ण, तर गुल्मचिकित्सेत हपुषाद्य घृत वर्णिले आहे. या कल्पांतील हपुषा महाराष्ट्रात उगवत नाही. त्यामुळे आपणांपैकी बहुतेकांना ती केवळ शुष्क फलरूपानेच परिचित असते.

ज्युनिपेरस कम्युनिस हे तिचे सर्वसाधारणपणे स्वीकृत शास्त्रीय नाव. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या उंच, थंड पर्वतउतारांवर, तसेच युरोप व उत्तर अमेरिकेच्या शीत प्रदेशांत हे सदाहरित झुडूप वन्य स्थितीत आढळते. पाने सुईसारखी, तीन-तीनच्या मंडलात असतात. नर व मादी झुडुपे बहुधा वेगळी असतात. ज्यास आपण फळ म्हणतो, ते वस्तुतः मांसल झालेले शंकुफल होय. ते प्रथम हिरवे असते व साधारणतः दुसऱ्या वर्षी निळसर-काळे होते. परिणामी एकाच फांदीवर कच्ची व पक्व फळे एकत्र दिसतात. फांद्या झोडपून केलेल्या संग्रहात दोन्ही मिसळतात व पुढील वर्षाचे पीकही नष्ट होते. म्हणून पक्व फळे हाताने वेचणेच इष्ट.

भावप्रकाशकारांनी हपुषेस मत्स्यगंधा म्हटले आहे व तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. बाजारातील फळास मात्र राळेसारखा सुगंध येतो. हा विरोध आम्हांस दुर्लक्षणीय वाटत नाही. द्रव्यनिश्चितीची चर्चा त्यामुळे खुली राहते. तथापि कटु-तिक्त रस, उष्ण वीर्य आणि दीपन कर्म या फळाशी सुसंगत आहेत.

खरेदीच्या वेळी काही परीक्षा सहज करता येतात. खऱ्या फळाच्या अग्रभागी तीन रेषांची चांदणीसारखी खूण दिसते. फोडल्यास सामान्यतः तीन कठीण बीजे निघतात. हिमालयातील काही सजातीय झुडपांच्या फळांत एकच बीज असते. चुरडल्यावर पाइनीनयुक्त तैलाचा गंध दरवळतो. गंधहीन फळ जुने समजावे.

ही दक्षता केवळ शास्त्रशुद्धतेसाठी नव्हे. याच कुलातील ज्युनिपेरस सबायना विषारी असून गर्भपातकारक म्हणून कुख्यात आहे. शिवाय खरी हपुषादेखील मूत्रल व तीक्ष्ण असल्याने गर्भिणी व वृक्कविकारग्रस्त रुग्णांत वर्ज्य मानावी. उदररोगी शोथ घेऊन आला म्हणजे चूर्ण देण्यापूर्वी वृक्कांची तपासणी व्हावयास हवी.

चूर्णाच्या पुडीवरील नाव औषधालय लिहिते. परंतु रुग्णाच्या हिताचे उत्तरदायित्व चिकित्सकाचेच असते. यास्तव वैद्यबंधूंनी अख्खे फळ मागवून, स्वहस्ते फोडून व हुंगून मगच चूर्ण करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.